छात्राध्यापक आणि अध्यापनाची साधने : धूळपाटीपासून ऑनलाइन वर्गापर्यंत (विशेष संदर्भ : नाशिक शहर व इंदिरानगर परिसर)

सारांश

वर्गात ऑनलाइन साधनांचा वापर करण्यास शिकणारा छात्राध्यापक हा आजच्या शिक्षक-शिक्षणातील एक महत्त्वाचा घटक आहे. त्याच्यापुढील प्रश्न मात्र नवा नाही. धूळपाटी, शिळाप्रेसवरील पुस्तके, तक्ते, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, संगणक व भ्रमणध्वनी अशी साधने क्रमाक्रमाने वर्गात आली आणि प्रत्येक वेळी शिक्षक घडविणाऱ्या संस्थांना त्यांची दखल घ्यावी लागली. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासाच्या आधारे या संबंधाचा आढावा घेतला असून, साधन चालविण्याचे शिक्षण आणि साधनाद्वारे शिकविण्याचे शिक्षण यांत पडत गेलेली फारकत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : छात्राध्यापक, सरावपाठ, पाठ टाचण, शैक्षणिक साहित्य, सूक्ष्म अध्यापन, ऑनलाइन साधने, नाशिक.

१. प्रस्तावना

शिक्षक-शिक्षणाचा इतिहास सामान्यतः आयोग, अहवाल व अधिनियम यांच्या क्रमाने लिहिला जातो. या मांडणीत धोरण दिसते, पण सरावपाठासाठी पहिल्यांदाच वर्गासमोर उभा राहणारा छात्राध्यापक दिसत नाही. त्याच्या हातात कोणते साधन होते, ते त्याला कोणी दिले, ते वापरण्यास कोणी शिकविले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. ऑनलाइन साधनांमुळे हे प्रश्न पुन्हा तीव्रतेने पुढे आले आहेत.

नाशिक शहर या अभ्यासासाठी दोन कारणांनी उपयुक्त ठरते. पहिले कारण असे की, महाराष्ट्रातील दूरशिक्षणाचे प्रमुख केंद्र असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून येथे कार्यरत आहे. दुसरे कारण शहराच्या वाढीशी निगडित आहे. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या वसाहती झपाट्याने विस्तारल्या. महामार्गाच्या एका बाजूस सिडको आणि दुसऱ्या बाजूस इंदिरानगर अशी ही रचना आहे. वडाळा व पाथर्डी या जुन्या गावांच्या सान्निध्यात वाढलेल्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत निरनिराळ्या माध्यमांच्या व व्यवस्थापनांच्या शाळा थोड्या थोड्या अंतरावर आढळतात. सरावपाठासाठी बाहेर पडलेल्या छात्राध्यापकाला एका आठवड्यात विद्युत फलक असलेला वर्ग आणि पुढच्या आठवड्यात केवळ खडू-फळ्याचा वर्ग भेटू शकतो. साधनांचा प्रश्न येथे प्रत्यक्ष पाठ टाचणात उतरतो.

२. अव्वल इंग्रजी काळ : शिक्षक घडविण्याची सुरुवात

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, पाढे व हिशेब पाठ करणे ही अध्यापनाची रीत होती. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांकडून घोकून घेणे ही प्रथाही प्रचलित होती. येथे शिक्षकाला वेगळे प्रशिक्षण नव्हते, कारण साधन आणि पद्धती दोन्ही परंपरेने चालत आलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मुंबई इलाख्यात छापील पुस्तक आले आणि ही स्थिती बदलू लागली. शिळाप्रेसवर छापलेली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. ती कशी शिकवावीत हे जाणणारे शिक्षक मात्र उपलब्ध नव्हते. नवे साधन आधी आणि ते वापरणारा शिक्षक नंतर, हा क्रम महाराष्ट्रात तेव्हापासून दिसतो.

बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे १८४५ मध्ये मुंबईतील नॉर्मल वर्गाच्या संचालकपदाची जबाबदारी आली. १८४६ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे हे कार्य त्यांना अल्पकाळच करता आले. तरीही पत्रकार, गणिती व पाठ्यपुस्तककार असलेल्या विद्वानाकडे शिक्षक घडविण्याचे काम सोपविले जावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. पुस्तक लिहिणारा आणि ते शिकविण्यास शिकविणारा यांच्यात त्या काळी अंतर पडलेले नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथील मिस फरार यांच्या संस्थेत व पुण्यातील नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ज्या स्त्रीला अध्यापनाचा अधिकारच समाज नाकारीत होता, तिने तो विधिवत शिक्षणाने मिळविला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. एका प्रशिक्षित शिक्षिकेचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ आहे, ही गोष्ट शिक्षक-शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रशिक्षण शाळा स्थापन करण्याची आणि इंग्लंडच्या धर्तीवर होतकरू विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन शिक्षक म्हणून तयार करण्याची शिफारस केली. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी भूषविले. शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘शालापत्रक’ या मासिकाशीही त्यांचा संपादक म्हणून संबंध होता. मासिक हे त्या काळातील दूरशिक्षणाचे साधन होते, असे म्हणता येईल. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून खेड्यातील शाळेत एकटा पडलेला शिक्षक टपालाने येणाऱ्या अंकाद्वारे आपल्या व्यवसायाशी जोडलेला राहत होता.

३. विसावे शतक : साहित्य निर्मिती, सूक्ष्म अध्यापन आणि प्रसारमाध्यमे

विसाव्या शतकात ‘शैक्षणिक साहित्य’ ही संकल्पना पाठ टाचणात स्थिर झाली. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, विषय प्रतिपादन, फलकलेखन व स्वाध्याय अशा रकान्यांत पाठाची आखणी करण्याची रीत रूढ झाली. तक्ते, नकाशे, प्रतिकृती व गुंडाळी फळा घेऊन सराव शाळेकडे निघालेला छात्राध्यापक हे अनेक दशके परिचित दृश्य होते. या रीतीचा लाभ असा की, साधनाचा विचार पाठाच्या आधी होऊ लागला. तोटा असा की, रकाना भरण्यासाठी साहित्य आणण्याची प्रवृत्तीही वाढली. निरीक्षकाला दाखविण्यासाठी टांगलेला व पाठात एकदाही न वापरलेला तक्ता ही त्या प्रवृत्तीची खूण होय.

याच्या उलट टोकाला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य आहे. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी त्यांचे प्रयोग सुरू झाले. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते. म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, दगड अशा परिसरातील वस्तूंतून साहित्य तयार करण्यात आले. मुले अंगणवाडीत येत नसतील तर अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेण्यात आली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली. साधनाची निवड मुलाच्या जीवनावरून करावयाची असते, हे सूत्र कोसबाडने महाराष्ट्राला दिले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन व सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र विकसित केले. छात्राध्यापकाने थोड्या विद्यार्थ्यांसमोर एकच कौशल्य घेऊन काही मिनिटांचा पाठ द्यावा, त्याचे चित्रमुद्रण पाहावे आणि पुन्हा पाठ द्यावा, असा तो क्रम होता. भारतात हे तंत्र १९७० च्या दशकात रुजले. मात्र चित्रमुद्रणाची यंत्रे बहुतेक महाविद्यालयांत नसल्यामुळे ‘भारतीय प्रतिमान’ तयार झाले. त्यात सहाध्यायीच विद्यार्थी होत, तेच निरीक्षक होत आणि प्रत्याभरण तोंडी दिले जाई. पाठ ६ मिनिटे, प्रत्याभरण ६ मिनिटे, पुनर्नियोजन १२ मिनिटे, पुनर्पाठ ६ मिनिटे व पुनर्प्रत्याभरण ६ मिनिटे असे हे ३६ मिनिटांचे चक्र होय. सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रबलन हे शब्द महाराष्ट्रातील छात्राध्यापकांच्या पिढ्यांना याच काळात परिचित झाले. मूळ तंत्रात यंत्राचा उपयोग विद्यार्थ्यांना काही दाखविण्यासाठी नव्हता, तर छात्राध्यापकाला स्वतःचे अध्यापन दाखविण्यासाठी होता, ही गोष्ट मात्र या रूपांतरात मागे पडली.

प्रसारमाध्यमांचा प्रवासही याच काळातील आहे. १९७५-७६ मधील ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी समाविष्ट होती आणि त्यात प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणाचाही अंतर्भाव होता. महाराष्ट्र या प्रयोगातील सहा राज्यांत नव्हता. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली व तिने मराठीत मोठ्या प्रमाणावर शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि शाळेचे वेळापत्रक त्याच्याशी जुळतेच असे नाही. शिक्षकाला तो थांबविता येत नसे, पुन्हा दाखविता येत नसे व त्यात बदलही करता येत नसे. त्यामुळे पाठाचे सूत्र शिक्षकाच्या हातून सुटून माध्यमाकडे जाई.

ही स्थिती केवळ भारतापुरती मर्यादित नव्हती. चलच्चित्रपट पाठ्यपुस्तकांची जागा घेईल, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले होते. ते खरे ठरले नाही. लॅरी क्युबन यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात अमेरिकेतील चित्रपट, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्या वर्गातील वापराचा इतिहास मांडून दाखविला की, मोठ्या अपेक्षेने आणलेली यंत्रे शिक्षकांनी क्वचितच वापरली. शिक्षकांचा हटवादीपणा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. वर्गाची रचना, वेळेचे बंधन आणि निर्णयप्रक्रियेत शिक्षकाला नसलेले स्थान ही कारणेही तितकीच प्रभावी होती.

४. संगणकाचे आगमन आणि प्रमाणपत्राचे युग

१९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. संगणक साक्षरता हा त्याचा हेतू होता. म्हणजेच संगणक हा शिकण्याचा विषय होता. इतिहास, भूगोल वा मराठी शिकविण्याचे साधन ही त्याची ओळख नंतरची आहे. शाळेत संगणकासाठी वेगळी खोली, वेगळी तासिका व वेगळा शिक्षक ही व्यवस्था त्यातूनच रूढ झाली.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावापर्यंत संगणक पोहोचविण्याचे श्रेय या अभ्यासक्रमाला दिले पाहिजे. शासकीय सेवेत संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे शिक्षकांनीही तो मोठ्या संख्येने पूर्ण केला. परंतु त्यात लेखनिक, तलाठी आणि शिक्षक यांना एकच पाठ्यक्रम होता. पत्र टंकलिखित करणे व तक्ता तयार करणे शिक्षकाला येऊ लागले. अपूर्णांकाची संकल्पना स्पष्ट करण्यासाठी त्या तक्त्याचा काय उपयोग, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर राहिला. सप्टेंबर २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रहाचे प्रक्षेपण झाले आणि त्याच वर्षी शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. साधनांचा पुरवठा वाढला. सरावपाठ मात्र बहुतांशी पूर्वीच्याच टाचणावर होत राहिला.

या संदर्भात नाशिक येथील मुक्त विद्यापीठाचे कार्य वेगळे उठून दिसते. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने सेवेत असलेल्या अप्रशिक्षित पदवीधर शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. ची सोय केली. येथील छात्राध्यापक हा आधीच शिक्षक होता. स्वयं-अध्ययन पुस्तिका वाचून, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांना उपस्थित राहून तो आपल्याच शाळेत प्रयोग करीत होता. दूर अंतरावरून शिकण्याचा अनुभव असलेला शिक्षकवर्ग महाराष्ट्रात अशा रीतीने ऑनलाइन युगापूर्वीच तयार होत होता.

२००६ मध्ये पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांनी ‘टीपॅक’ ही चौकट मांडली. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयज्ञान आणि अध्यापनशास्त्र यांच्या संयोगावर भर दिला होता; त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घालून या तिन्हींचा संगम म्हणजे शिक्षकाचे खरे ज्ञान, असे प्रतिपादन या चौकटीत आहे. महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा विषय परिचित होता. त्यामुळे या चौकटीसाठी भूमी तयार होती. प्रत्यक्षात तंत्रज्ञानाचा घटक बराच काळ स्वतंत्र प्रश्नपत्रिकेपुरता सीमित राहिला.

५. २०१५ नंतर : तंत्रस्नेही शिक्षक आणि साथीचा काळ

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५-१६ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. दीर्घ मुदतीची आंतरवासिता व माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन हे त्याचे दोन विशेष होत. येथील ‘चिकित्सक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधन कसे चालवावे याबरोबरच ते कोणाच्या हिताचे, कोणाला वगळणारे आणि कधी टाळावयाचे, याचा विचार त्यात अभिप्रेत आहे.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला होता. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना स्वीकारली गेली. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून दिली. येथे साधनाची कल्पना वर्गात जन्मली आणि नंतर धोरणात गेली. एरवीच्या क्रमाच्या हे नेमके उलट आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि निवडीचा प्रश्नच संपला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे अभियान, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका आणि ऑगस्ट २०२० मध्ये गुगलच्या वर्गसाधनांसाठी राज्य शासनाने केलेली भागीदारी हे या काळातील प्रमुख टप्पे होत. छात्राध्यापकांची अडचण दुहेरी होती. त्यांना स्वतःला पडद्यावरून शिकावे लागले आणि सरावपाठही पडद्यावरून द्यावे लागले. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरील अनाकलन ओळखणे हे सरावपाठातील सर्वांत मोलाचे शिक्षण. कॅमेरे बंद असलेल्या वर्गात ते मिळणे अवघड होते. २०२० च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात शाळेत नोंद असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांतील ही वाढ मोठी असली, तरी सुमारे ३८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, हा त्याचाच दुसरा अर्थ होय.

खर्चाचा प्रश्नही याच काळात ठळक झाला. तक्त्याचा कागद छात्राध्यापक पूर्वीही पदरमोड करून आणीत असे. आता भ्रमणध्वनी, डेटा व संगणक यांचा भार त्याच्यावर पडला. प्राथमिक स्तरावरील शिक्षणसेवकाचे मानधन फेब्रुवारी २०२३ मध्ये दरमहा १६,००० रुपये करण्यात आले. तत्पूर्वी ते ६,००० रुपये होते. पदविका पूर्ण करूनही भरतीची प्रतीक्षा करणाऱ्या तरुणांची स्थिती याहून बिकट होती. २००० नंतरच्या दशकात वेगाने वाढलेल्या खाजगी अध्यापक विद्यालयांपैकी अनेक भरती थंडावल्यानंतर बंद पडली, ही पार्श्वभूमी ‘तंत्रस्नेही’ या शब्दाबरोबरच ध्यानात ठेवावी लागते.

६. इंदिरानगर परिसराच्या संदर्भात एक पाठ

साधन व आशय यांचा मेळ कसा घालता येईल, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंदिरानगरपासून थोड्याच अंतरावर, महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा आणि लेणे क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्षाचा इतिहास या दोन लेखांवर मोठ्या प्रमाणात आधारलेला आहे. सातवाहनांवरील पाठासाठी छात्राध्यापकासमोर तीन पर्याय असतात : तयार चित्रफीत दाखविणे, शिलालेखाचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून ब्राह्मी अक्षरे ओळखावयास लावणे, किंवा वर्गाला प्रत्यक्ष लेण्यांवर नेणे.

चित्रफितीत माहिती मिळते, पण प्रश्न उरत नाही. छायाचित्रात अक्षर जवळून पाहता येते, दोन लेखांची तुलना करता येते आणि ‘विजेता स्वतःविषयी जे लिहितो ते जसेच्या तसे खरे मानावे काय’ हा इतिहासाचा मूलभूत प्रश्न उपस्थित करता येतो. प्रत्यक्ष भेटीत लेण्याचा आकार, अंधार आणि डोंगराखालून जाणारा जुना मार्ग ध्यानात येतो. व्यापारी व भिक्षू यांचा संबंध उलगडतो. यांपैकी एकही पर्याय दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. कोणता केव्हा निवडावा, याचा निर्णय हेच छात्राध्यापकाचे शिक्षण होय. ज्या शाळेत जोडणी नाही तेथे हेच छायाचित्र छापून नेता येते व चार अक्षरे फळ्यावर काढता येतात. पाठाचे उद्दिष्ट स्पष्ट असेल तर साधन बदलले तरी पाठ कोसळत नाही.

सूक्ष्म अध्यापनाच्या इतिहासातूनही एक धडा येथे घेता येतो. स्टॅनफर्डला ज्यासाठी महागडे यंत्र लागले आणि भारतीय महाविद्यालयांना जे परवडले नाही, ते चित्रमुद्रण आज छात्राध्यापकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर शक्य आहे. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेची काळजी घेऊन आपलाच पाठ पाहणे, आपण किती बोललो, किती जणांना प्रश्न विचारले, मागच्या बाकावरील मुलाकडे किती वेळा पाहिले याची नोंद घेणे, हा या साधनाचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपयोग आहे.

७. निष्कर्ष

१. महाराष्ट्रात नवे साधन बहुधा शिक्षकाच्या तयारीपूर्वी आले. शिळाप्रेसवरील पुस्तकांपासून ऑनलाइन वर्गापर्यंत हा क्रम कायम राहिला आहे.

२. साधन चालविण्याचे प्रमाणपत्र आणि सरावपाठ यांची फारकत झाली तेव्हा साधन वर्गाबाहेर राहिले. ‘क्लास’ प्रकल्प व एमएस-सीआयटी यांच्या मर्यादा यातून स्पष्ट होतात.

३. कोसबाड व परितेवाडी या दोन्ही ठिकाणी शिक्षकाने मुलांच्या परिस्थितीवरून साधन घडविले. त्यांचे यश यंत्राच्या आधुनिकतेपेक्षा या क्रमावर अवलंबून होते.

४. साधनाचा खर्च छात्राध्यापकावर टाकणारी व्यवस्था त्याच्या आर्थिक स्थितीप्रमाणे त्याची अध्यापन-क्षमता ठरविते. सराव शाळा व महाविद्यालय यांनी साधने सामायिकपणे उपलब्ध करून देणे न्यायाचे ठरेल.

८. समारोप

नाशिक महानगरपालिकेच्या शाळांतही स्मार्ट सिटी योजनेतून २०२३ च्या सुमारास डिजिटल वर्गखोल्यांचे काम हाती घेण्यात आले. यापुढे सरावपाठासाठी जाणाऱ्या छात्राध्यापकाला विद्युत फलक अधिक शाळांत भेटेल, हे उघड आहे. पाठ टाचणातील ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात तो त्याचे नाव लिहील. त्या रकान्याशेजारी ‘हेच साहित्य का?’ असा आणखी एक रकाना असावा आणि पाठ निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकाने प्रथम त्याच्यावर चर्चा करावी. ही दुरुस्ती लहान व बिनखर्चाची आहे. पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून शिक्षक-शिक्षणाला काही शिकावयाचे असेल, तर त्याची सुरुवात येथून करता येईल.